६८३ किलोमीटर आणि दीड तास

मुंबईहून नागपूरला रेल्वेने ८३७ किलोमीटर पडतात. समृद्धी महामार्गाची लांबी ७०१ किलोमीटर. आणि मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज विमानतळापासून नागपूरच्या सोनेगावातल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर विमानतळापर्यंतचं हवाई अंतर सुमारे ६८३ किलोमीटर. पहिले दोन आकडे जमिनीवर बोट ठेवून दाखवता येतात. रुळांच्या कडेला किलोमीटरचे खांब आहेत, महामार्गावर फलक आहेत. तिसऱ्या आकड्याला असा एकही खांब नाही. ती रेघ कोणी आखलेली नाही आणि विमानंही तिच्यावरून तंतोतंत जात नाहीत. तरीही विमानात इंधन किती भरायचं इथपासून प्रवासी घरी किती वाजता पोचेल इथपर्यंतचे सगळे हिशेब त्याच रेघेपासून सुरू होतात.

या पुस्तकात महाराष्ट्रातल्या विमानतळांपासून देशातल्या आणि देशाबाहेरच्या विमानतळांपर्यंतच्या अंतरांचे आणि वेळांचे तक्ते आहेत. तक्ता वाचायला प्रस्तावना कशाला हवी, असं कोणालाही वाटेल. हवी, कारण या तक्त्यांतले दोन रकाने एका जातीचे नाहीत. अंतराचा रकाना पन्नास वर्षांनी उघडून पाहिला तरी तोच असेल. वेळेचा रकाना मात्र मोसमागणिक बदलतो. दिशा उलटी केली की बदलतो, शेजारच्या देशाने आकाश बंद केलं की बदलतो, विमान कोणतं आहे त्यावरूनही बदलतो. अंतर भागिले वेग म्हणजे वेळ, हे शाळेतलं सूत्र इथे जेमतेम सुरुवातीला उपयोगी पडतं. त्यानंतर जे उरतं ते वारा, रांगा, सरहद्दी आणि माणसांनी घेतलेले निर्णय. मला या पुस्तकाचं मोल वाटतं ते त्या उरलेल्या भागासाठी.

आधी अंतराचं पाहू. दोन विमानतळांमधलं अंतर म्हणजे नेमकं कुठपासून कुठपर्यंत? टर्मिनलच्या दारापासून नाही आणि धावपट्टीच्या टोकापासूनही नाही. प्रत्येक विमानतळाचा एक संदर्भबिंदू ठरवलेला असतो. तो बहुधा धावपट्ट्यांच्या एकत्रित पसाऱ्याच्या मध्याजवळ धरतात आणि त्याचे अक्षांश-रेखांश अधिकृतपणे नोंदलेले असतात. मुंबईचा बिंदू १९ अंश ५ मिनिटं उत्तर, ७२ अंश ५२ मिनिटं पूर्व. नागपूरचा साधारण २१ अंश ५ मिनिटं उत्तर, ७९ अंश ३ मिनिटं पूर्व. या दोन बिंदूंना पृथ्वीच्या पाठीवरून जोडणारी सर्वांत आखूड रेघ मोजायची. पृथ्वी चेंडूसारखी गोल धरली तर उत्तर ६८२ आणि ६८३ च्या मधोमध येतं. ती ध्रुवांकडे किंचित चपटी आहे हे हिशेबात घेतलं की ६८३ च्या थोडं वर. फरक अर्ध्या किलोमीटरच्या आसपास, म्हणजे प्रवाशाच्या दृष्टीने काहीच नाही.

पण ‘काहीच नाही’ म्हणण्याइतका तो फरक लहान आहे हे कळायला माणसांनी आयुष्यं वेचली आहेत, आणि त्यांतल्या एकाचा शेवट नागपूरच्या वाटेवरच झाला. १८०२ साली ब्रिटिश सर्वेक्षक विल्यम लॅम्बटनने मद्रासमध्ये, सेंट थॉमस माउंटजवळ साखळीने एक पायारेषा मोजली. आजचा चेन्नई विमानतळ त्या टेकडीच्या शेजारीच आहे. पायारेषेची लांबी सुमारे १२ किलोमीटर. तिच्यावर एक त्रिकोण, त्याच्या बाजूवर दुसरा, असे त्रिकोण रचत हे सर्वेक्षण उत्तरेकडे सरकत राहिलं. एकवीस वर्षांनी, जानेवारी १८२३ मध्ये, नागपूरकडे निघालेला लॅम्बटन वाटेत हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. त्याच्यानंतर जॉर्ज एव्हरेस्टने काम पुढे नेलं. या मोजणीतून पृथ्वीच्या आकाराचे जे आकडे निघाले, त्यांना १८३० चा एव्हरेस्ट लंबगोल म्हणतात. आपल्याकडचे सर्वेक्षणाचे नकाशे दीर्घकाळ त्याच आकड्यांवर बेतलेले होते. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने १ जानेवारी १९९८ पासून सगळ्या जगासाठी एकच मोजपट्टी लागू केली. ती उपग्रहांवर आधारलेली, डब्ल्यूजीएस-८४ नावाची. जुन्या नकाशावरचे आणि या नव्या पद्धतीतले एकाच जागेचे आकडे शंभरेक मीटरने सरकू शकतात. दोन शहरांमधल्या अंतरात ते लक्षातही येणार नाही. पण धुक्यात उपकरणांच्या भरवशावर धावपट्टी शोधणाऱ्या विमानासाठी शंभर मीटर म्हणजे धावपट्टी आणि तिच्या बाजूचं माळरान. विदर्भातल्या शाळांनी मुलांना हिंगणघाटची ती कबर एकदा तरी दाखवावी असं मला मनापासून वाटतं. अंतर मोजणं ही किती कष्टाची गोष्ट होती हे तिथे उभं राहिल्यावर कळतं.

मुंबई ते नागपूर इतक्या जवळच्या टप्प्यात सपाट नकाशावरची सरळ रेघ आणि पृथ्वीवरची सर्वांत आखूड रेघ जवळपास एकच असतात. लांबच्या टप्प्यात त्या सारख्या राहत नाहीत. भिंतीवरच्या नकाशात मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत पट्टी लावली तर ती अरबस्तान, आफ्रिकेचा उत्तर भाग आणि अटलांटिक ओलांडून जाते. तेच पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून पाहा. मुंबईहून दोरा वायव्येपेक्षाही उत्तरेला झुकून निघतो, मध्य आशियावरून रशियात शिरतो, ६५ अंश उत्तर अक्षांशाच्या जवळ पोचतो आणि तिथून पुन्हा खाली उतरत न्यूयॉर्कला येतो. हे अंतर सुमारे १२,५३० किलोमीटर. मुंबईहून अमेरिकेला जाणाऱ्या माणसाला समोरच्या पडद्यावर विमान इतकं उत्तरेला का चाललंय असा प्रश्न पडतो, त्याचं उत्तर त्या दोऱ्यात आहे. घरात पृथ्वीचा गोल असेल तर हा प्रयोग मुलांबरोबर जरूर करावा. त्याने नकाशाकडे बघण्याची नजरच बदलते.

आता वेळ. मुंबई–नागपूर तिकिटावर साधारण दीड तास लिहिलेला असतो. विमानाचा वेग ताशी ८३० किलोमीटर धरला तर ६८३ किलोमीटरला पन्नास मिनिटं पुरायला हवीत. मग वरची चाळीस मिनिटं जातात कुठे? या एका फेरीकडे जरा जवळून पाहू, कारण तक्त्यातली प्रत्येक नोंद अशाच तुकड्यांची बनलेली आहे.

तिकिटावरची सुटण्याची वेळ म्हणजे विमान आकाशात झेपावण्याची वेळ नव्हे. चाकांना लावलेले चॉक काढून विमान उभ्या जागेवरून हललं, ती सुटण्याची वेळ. तसंच पलीकडे, चाकं धावपट्टीला टेकली ती पोचण्याची वेळ नाही. विमान ठरलेल्या जागी येऊन थांबलं आणि चॉक लागले, ती पोचण्याची वेळ. या दोन्हींमधल्या काळाला ब्लॉक टाइम म्हणतात, आणि तक्त्यांत दिलेला वेळ तोच आहे. म्हणजे विमान मागे ढकलणं (पुश-बॅक), धावपट्टीपर्यंत चाकांवर जाणं (टॅक्सी), पुढच्या विमानांच्या मागे थांबणं, हे सगळं त्या दीड तासात धरलेलं आहे. मुंबईत हा भाग मोठा असतो. इथे दोन धावपट्ट्या आहेत, एक ३,४४८ मीटरची आणि दुसरी २,८७१ मीटरची. पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींवर एकाच वेळी मोकळेपणाने काम चालवता येत नाही. व्यवहारात एका वेळी एकच धावपट्टी राबते. चोवीस तासांत हजाराच्या घरात उड्डाणं आणि उतरणी या विमानतळाने अशाच पद्धतीने हाताळल्या आहेत. नियंत्रण मनोऱ्यातल्या माणसांचं हे कसब प्रवाशाला कधी दिसत नाही. त्याला फक्त रांग दिसते.

वर्षातला बराच काळ मुंबईची विमानं सत्तावीस क्रमांकाच्या धावपट्टीवरून उडतात. सत्तावीस म्हणजे २७० अंश, म्हणजे थेट पश्चिम. नागपूर पूर्वेला, आणि विमान मात्र आधी समुद्राकडे तोंड करून उडतं. खाली पार्ले आणि जुहू मागे पडतात. (याच जुहूच्या धावपट्टीवर १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा पुस मॉथ विमानातून टपालाच्या थैल्या घेऊन उतरले होते. सकाळी कराचीहून निघून, अहमदाबादला थांबून, दुपारी.) समुद्रावर गेल्यावर वळण घेऊन विमान पुन्हा किनारा ओलांडतं आणि मग कुठे नागपूरच्या दिशेला लागतं. या वळशाचे किलोमीटर ६८३ मध्ये नाहीत. त्याला लागलेली मिनिटं मात्र दीड तासात आहेत.

दहा हजार फुटांखाली वेगाला साधारणपणे २५० नॉटची मर्यादा असते, म्हणजे ताशी ४६० किलोमीटरच्या आसपास. त्यानंतर वेग वाढतो, पण विमान अजून चढतंच असतं. पूर्वेकडे जाणाऱ्या विमानांना विषम हजारांची उंची मिळते: ३१, ३३, ३५ हजार फूट. पश्चिमेकडे येणाऱ्यांना समसंख्येची: ३२, ३४, ३६. समोरासमोरच्या विमानांमध्ये हजार फुटांचं अंतर राहावं म्हणून ही वाटणी. सह्याद्री ओलांडून शिर्डीच्या पुढेमागे विमान पस्तीस हजारांवर पोचतं, तोवर सव्वादोनशे किलोमीटर संपलेले असतात. उतरणीचा ढोबळ हिशेब असा की उंचीच्या दर हजार फुटांमागे तीन सागरी मैल आधीपासून उतरायला लागायचं. पस्तीस हजारांसाठी झाले १०५ सागरी मैल, म्हणजे १९५ किलोमीटर. त्यामुळे अकोला मागे पडतो न पडतो तोच इंजिनांचा आवाज मंदावतो आणि उतरण सुरू होते. राहिलं काय? शिर्डी ते अकोला, पावणेतीनशे किलोमीटरच्या आत. ताशी ८३० चा वेग विमान एवढ्याच पट्ट्यात धरतं, आणि तो पट्टा वीस मिनिटांत संपतो. आकाश स्वच्छ असलं आणि मार्ग थोडा दक्षिणेकडून असला, तर याच वीस मिनिटांत उजव्या खिडकीतून लोणारचं विवर दिसू शकतं.

जवळच्या फेऱ्यांमध्ये विमान किती वेगवान आहे याला फारसं महत्त्व का नसतं, हे यावरून ध्यानात येईल. साठच्या दशकात एअर इंडियाकडे आलेली बोइंग ७०७ विमानं वेगात आजच्या एअरबसपेक्षा उणी नव्हती. गेल्या साठ वर्षांत प्रवासी विमानं अधिक सुरक्षित झाली, इंधन कमी पिऊ लागली, दूरवर जाऊ लागली. वेगवान मात्र झाली नाहीत. आज विमानातल्या संगणकाला इंधनाची किंमत आणि वेळेची किंमत यांचं गुणोत्तर सांगितलेलं असतं, आणि इंधन महाग असेल तर तो वेग जरा आवरताच ठेवतो.

याउलट दिशेचा, नागपूर–मुंबईचा वेळ तक्त्यात बहुधा थोडा जास्त दिसेल. त्याला दोन कारणं आहेत. एक म्हणजे मुंबईत उतरण्यासाठीची रांग. जागा मिळेपर्यंत विमान आकाशात लांबट कड्यासारख्या ठरलेल्या वाटेवर घिरट्या घालत राहतं. एक मिनिट सरळ, एक मिनिट वळण, परत एक मिनिट सरळ आणि एक मिनिट वळण, अशी चार मिनिटांची एक फेरी. अशा चार फेऱ्या झाल्या तर सोळा मिनिटं गेली, आणि या काळात नागपूर–मुंबई अंतरातला एक मीटरही कमी झालेला नसतो. दुसरं कारण वारा, आणि त्याच्यापाशी जास्त थांबायला हवं.

हिवाळ्यात उत्तर भारतावर, दहा-बारा किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा एक जोरकस झोत वाहत असतो. त्याचा वेग कित्येकदा शंभर नॉटच्या वर जातो. पावसाळा आला की हा झोत हिमालयाच्या उत्तरेला सरकतो, आणि दक्षिण भारतावर आणखी उंचावरून उलट दिशेचा, पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणारा झोत सुरू होतो. हा पावसाळी पूर्वझोत १९५० च्या दशकात प्रथम ओळखून दाखवला तो भारतीय हवामान खात्याचे पी. कोटेश्वरम यांनी. जगाच्या हवामानशास्त्रात ज्यांचं नाव कायमचं कोरलं गेलं अशा या माणसाची आपल्याला पुरेशी ओळख नाही, याची खंत वाटते. या दोन झोतांमुळे पूर्व-पश्चिम फेऱ्यांचा वेळ भारतात दर सहामाही बदलतो. विमान कंपन्यांचं हिवाळी आणि उन्हाळी वेळापत्रक वेगळं असण्याच्या कारणांत हे एक आहे.

वाऱ्याबद्दल एक समज सर्रास आढळतो. जाताना वारा पाठीशी असेल आणि येताना समोरून, तर फायदा-तोटा सारखाच होऊन एकूण वेळ तेवढाच राहील, असा. तसं होत नाही. मुंबई–कोलकाता अंतर १,६६५ किलोमीटरच्या आसपास आहे. हिशेब सोपा व्हावा म्हणून ते १,७०० धरू, आणि विमानाचा हवेतला वेग ताशी ८५०. वारा नसेल तर जायला दोन तास, यायला दोन तास, एकूण चार. आता ताशी १७० किलोमीटरचा पश्चिम वारा आहे असं धरा. जाताना जमिनीवरचा वेग १,०२० होतो आणि १ तास ४० मिनिटांत कोलकाता येतं. येताना वेग ६८० वर उतरतो आणि अडीच तास लागतात. बेरीज चार तास दहा मिनिटं. वाऱ्याने मदत केली ती वीस मिनिटांची, अडवलं तीस मिनिटं. कारण साधं आहे: विरोधी वाऱ्यात विमान जास्त वेळ राहतं. दिवसभर याच मार्गावर येरझारा घालणारं विमान हिवाळ्यात संध्याकाळपर्यंत मागे का पडतं, त्याचं एक उत्तर या दहा मिनिटांत आहे.

वारा अंतरावर किती मात करू शकतो याचं उदाहरण द्यायचं तर एअर इंडियाच्या दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को फेरीचं द्यावं लागेल. या दोन विमानतळांमधलं सर्वांत आखूड अंतर १२,४०० किलोमीटरच्या आत आहे. सुरुवातीला ही विमानं अटलांटिकवरून जात, तो मार्ग याहून लांब. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीने तो बदलून पॅसिफिकवरून नेला. अंतर आणखी सुमारे १,४०० किलोमीटरने वाढून १५,३०० वर गेलं, आणि प्रवास साडेचौदा तासांत झाला, आधीपेक्षा सुमारे दोन तास लवकर. सगळी करामत पाठीशी असलेल्या पश्चिम वाऱ्याची. त्या वेळी काही ठिकाणी याचं श्रेय पृथ्वीच्या फिरण्याला दिलं गेलं, ते चूक आहे. पृथ्वीबरोबर हवाही फिरते आणि विमान त्या हवेतच असतं. पृथ्वी खालून फिरत येऊन सॅन फ्रान्सिस्को जवळ आणून देत नाही. जी मदत होते ती पृथ्वीच्या तुलनेत पुढे पळणाऱ्या हवेची.

सरहद्दींबद्दल थोडक्यात. फेब्रुवारी २०१९ मध्ये बालाकोटवरच्या भारतीय हवाई हल्ल्यानंतर पाकिस्तानने आपलं आकाश बंद केलं, ते १६ जुलैला उघडलं. तोवर दिल्लीहून युरोप-अमेरिकेकडे जाणाऱ्या विमानांना दक्षिणेला वळसा घालून अरबी समुद्रावरून जावं लागलं. एका खासगी कंपनीच्या दिल्ली–इस्तंबूल विमानाला वाटेत दोह्याला इंधनासाठी उतरावं लागे. २ जुलैपर्यंत एकट्या एअर इंडियाचं ४९१ कोटी रुपयांचं नुकसान झाल्याचं सरकारने राज्यसभेत सांगितलं. एप्रिल २०२५ मध्ये ते आकाश पुन्हा बंद झालं. दिल्ली–लंडन अंतर यात एका मीटरनेही बदललेलं नाही. म्हणून तक्त्यांत परदेशी फेऱ्यांच्या वेळेशेजारी ती कोणत्या मोसमातल्या वेळापत्रकावरून घेतली हे लिहिलं आहे. ती नोंद पाहिल्याशिवाय आकडा वापरू नये.

देशातल्या देशातही आकाश सगळं मोकळं नाही. आपल्या हवाई हद्दीचा सुमारे ६० टक्के भागच नागरी विमानांना मुक्तपणे वापरता येतो, असं केंद्रीय अर्थमंत्र्यांनी मे २०२० मध्ये सांगितलं होतं. उरलेला बहुतांश लष्कराच्या वापरासाठी राखलेला. पुण्याचा लोहगाव विमानतळ हवाई दलाचा आहे, गोव्याचा दाबोळी नौदलाचा. या दोन्ही ठिकाणांच्या वेळा पाहताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

आता पुन्हा नागपूर, कारण अंतर आणि वेळ यांचं नातं कसं बदलत गेलं हे या एका गावाइतकं दुसरं कोणीच सांगत नाही. नागपूरपासून मुंबई ६८३ किलोमीटर, दिल्ली ८५४, चेन्नई ९०८ आणि कोलकाता ९८४. चार महानगरं, आणि चारही हजार किलोमीटरच्या आत. १९४९ साली या चार आकड्यांवर एक योजना उभी राहिली. रोज रात्री मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून टपालाची एकेक विमानं निघत आणि मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला एकत्र येत. तिथे थैल्यांची अदलाबदल होई. मद्रासचं टपाल दिल्लीच्या विमानात, कलकत्त्याचं मुंबईच्या. प्रवासीही असत, तेही उतरून आपापलं पुढचं विमान गाठत. मग प्रत्येक विमान आपल्या गावी परते आणि पहाटेपर्यंत पोचे. ही विमानं होती डाकोटा, ताशी पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास वेगाची. मुंबईहून अडीच तास, कलकत्त्याहून साडेतीन तासांच्या वर. संध्याकाळी पेटीत टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी देशाच्या दुसऱ्या टोकाला पोस्टमनच्या हातात असे. दिवसा लोकांना विमानं हवी असतात आणि रात्री ती नुसती उभी राहतात, तर रात्री त्यांच्याकडून टपालाचं काम करून घ्यावं, हा विचार फार सुरेख होता. तो अमलात आला तो नागपूरच्या नकाशावरच्या जागेमुळे. अर्ध्या रात्री सोनेगावच्या तळावर दिव्यांच्या उजेडात ओळीने उभी असलेली ती विमानं आणि एका विमानाकडून दुसऱ्याकडे थैल्या वाहणारे टपाल खात्याचे लोक, हे दृश्य ज्या नागपूरकरांनी पाहिलं त्यांच्याकडून त्याच्या आठवणी कोणीतरी लिहून घ्यायला हव्या होत्या.

ती सेवा पुढे थांबली. चारही अंतरं आजही तीच आहेत, पण विमानं न थांबता दोन-अडीच हजार किलोमीटर सहज जाऊ लागल्यावर मधल्या गावात उतरण्याची गरज उरली नाही. मध्यभागी असण्याचा फायदा अंतरात नव्हता. त्या काळच्या विमानाच्या पल्ल्यात आणि वेगात तो होता. विमानतळालगतच्या मिहान या मालवाहतूक आणि उद्योग प्रकल्पामागेही नागपूरच्या मध्यवर्ती असण्याचाच विचार होता. त्याचं यशापयश मोजताना हा बदल हिशेबात घेतला जात नाही, आणि घ्यायला हवा असं माझं स्पष्ट मत आहे. आजच्या घडीला मध्यवर्ती गावाला विमान आपणहून येत नाही. ते यावं यासाठी तिथे काम असावं लागतं. दुरुस्तीचा तळ, मालाची ने-आण, उद्योग, असं काहीतरी.

अंतर कमी म्हणजे वेळ कमी, या समजाला छेद देणारी एक ताजी नोंद विदर्भातलीच आहे. एप्रिल २०२५ मध्ये अमरावतीचा बेलोरा विमानतळ सुरू झाला आणि तिथे मुंबईहून एटीआर-७२ जातीचं पंख्याचं विमान येऊ लागलं. मुंबई–अमरावती हवाई अंतर ५४० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे नागपूरपेक्षा सुमारे १४० किलोमीटर कमी. पण या विमानाचा वेग ताशी ५०० च्या आसपास असल्याने तिकिटावरचा वेळ नागपूरच्या दीड तासापेक्षा जास्त आहे. नुसता तक्ता पाहणारा म्हणेल की नागपूर गाठणं जास्त सोयीचं. अमरावतीचा माणूस असं म्हणणार नाही. नागपूरला उतरून अमरावतीला परत यायचं तर दीडशे किलोमीटर रस्ता तुडवावा लागतो.

तक्त्याबाहेरचा हा वेळ सर्वांत मोठा असतो आणि तो सगळ्यांना सारखा पडत नाही. गडचिरोलीहून परळच्या टाटा रुग्णालयात तपासणीला निघालेल्या कुटुंबाला आधी नागपूरपर्यंतच चार तास लागतात. मग विमानतळावर दोन तास आधी पोचायचं, दीड तास विमान, सामानाची वाट, आणि पुढे अंधेरी ते परळ. या सगळ्यात दीड तास म्हणजे जेमतेम सहावा हिस्सा. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं. तिथून नागपूरचं अंतर मुंबईपेक्षा पंधरा-वीस किलोमीटरने कमी भरतं. आकाशात ते एका मिनिटाचं काम. पण पनवेलच्या किंवा डोंबिवलीच्या माणसाचा जमिनीवरचा वेळ यात किती वाचतो आणि बोरिवलीच्या माणसाचा किती वाढतो, हे हवाई अंतराच्या कुठल्याही आकड्यातून कळत नाही. विमानसेवेची चर्चा आपल्याकडे उड्डाणाच्या वेळेवर आणि भाड्यावर थांबते. माझा आग्रह आहे की ती घराच्या दारापासून सुरू व्हावी.

तिकिटावरच्या वेळेबद्दल शेवटची एक गोष्ट. ठरलेल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांच्या आत पोचलेलं विमान वेळेवर आलं असं धरतात. वेळेवर येण्याची टक्केवारी जाहीर होत असल्याने ती चांगली दिसावी, यासाठी वेळापत्रकातच काही मिनिटं जादा धरली जातात. म्हणून विमान कधीकधी वीस मिनिटं लवकर पोचतं. यात फसवणूक आहे असं मी म्हणणार नाही. रांग आणि वारा आधी ठरवता येत नाहीत, आणि पुढचं विमान गाठायचं असलेल्या प्रवाशाला ही जादा मिनिटं उपयोगाची ठरतात. पण दहा वर्षांपूर्वीच्या आणि आजच्या वेळांची तुलना करणाऱ्याने ही भर वजा केल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

तक्त्यांबद्दल इतकंच. अंतरं दोन संदर्भबिंदूंमधली आहेत आणि किलोमीटरमध्ये दिली आहेत. सागरी मैल हवे असतील तर १.८५२ ने भागावं. जाण्याचा आणि येण्याचा वेळ वेगवेगळ्या रकान्यांत आहे. परदेशी फेऱ्यांत सुटण्या-पोचण्याच्या वेळा ज्या त्या ठिकाणच्या स्थानिक आहेत, त्यामुळे त्यांची नुसती वजाबाकी करू नये. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे, लंडन हिवाळ्यात साडेपाच आणि उन्हाळ्यात साडेचार तास मागे. प्रत्यक्ष प्रवासाचे तास शेजारी वेगळे छापले आहेत. शेवटचा रकाना कोरा आहे, तो छापायचा राहून गेलेला नाही. आपल्या घरापासून विमानतळापर्यंत आणि पलीकडच्या विमानतळापासून मुक्कामापर्यंत लागणारा वेळ वाचकाने त्यात स्वतः भरायचा आहे. पेन्सिलने भरलेला बरा, कारण रस्ते बदलतात.